बायडाबाईची फुलं

“बाई, चपला भाईर काढा आनि पाय जपून टाका. आत फुलं वाळत घातल्यात.”

बायडाबाई झोरेनं माझं स्वागत केलं ते असं. मी संस्थेची पर्यवेक्षिका. तालुक्याहून दोन तास जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेऊन आणि पुढं पाऊण तास डोंगर चढून आलेली. माणसानं आधी तांब्याभर पाणी तरी पुढं करावं की नाही? पण ती दारात आडवी उभी. मी वाकून आत बघितलं, तर भुईवर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे कागद पसरलेले आणि प्रत्येक कागदावर रंगवलेली फुलं.

ती जागा म्हणजे तिच्या शेळ्यांचा गोठा. संस्थेनं धनगरवाड्यावर बालवाडी काढायचं ठरवलं तेव्हा जागा कुणी देईना. हिनं शेळ्या मागच्या छपरात हलवल्या, गोठा चार वेळा सारवून काढला आणि म्हणाली, हितं बसवा पोरं. तेव्हापासून नऊ वर्षं ती तिथली सेविका होती. शिक्षण चौथी पास. वय विचारलं की “दुष्काळाच्या आदी दोन वर्सं” असं सांगायची, कुठला दुष्काळ ते आपण ओळखायचं.

मी काही फुलं बघायला आले नव्हते. हजेरीपट, मुलांच्या वजनाचा तक्ता, खाऊचा साठा हे तपासायला आले होते. मी, आठल्ये बाई, येणार म्हटलं की सेविका आदल्या रात्री बसून तक्ते पुरे करायच्या, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचंही. पण त्या दिवशी हजेरीपट पिशवीतच राहिला.

मार्च होता. डोंगरात पळस फुलला होता, सावरीची झाडं पानं झाडून नुसती लाल झाली होती. गोठ्यामागच्या अंगणात वीस-बावीस मुलं उकिडवी बसलेली आणि प्रत्येकासमोर सावरीच्या फुलाच्या वाट्या. सावरीच्या फुलाला बुडाशी एक जाड वाटी असते. पडलेल्या फुलाच्या पाकळ्या ओढून काढल्या की ती मोकळी होते, आणि चमचाभर रंग तिच्यात मजेत मावतो. शहरात मुलांच्या रंगाला प्लॅस्टिकच्या ताटल्या लागतात. इथं झाडानं वाट्या टाकल्या होत्या आणि मुलांनी वेचल्या होत्या.

“रंग कुठून आणले?” मी विचारलं.

“आनतोय कशाला? हायेत की.” तिनं एकेक दाखवलं. पळसाची फुलं उकळली की पिवळा. त्यात चिमूटभर चुना टाकला की भगवा. हळदीत चुना घातला की लाल. कपड्यांची नीळ हा निळा, आणि निळीत हळद मिसळली की हिरवा. पांढऱ्याला तांदळाचं पीठ. सगळ्यात थोडं थोडं डिंकाचं पाणी, म्हणजे वाळल्यावर रंग झडत नाही.

“आणि कागद?”

“सिमिटाच्या पोत्याचा. खाली रस्त्याचं काम चाललंय, तिथला मुकादम देतो. तपकिरी असतोय म्हनून पांढरं फूल उठून दिसतं. पांढऱ्या कागदावर मोगरा कसा काढायचा, तुमीच सांगा.”

हे मला कधी कुणी शिकवलं नव्हतं. मी डी.एड., वर बालशिक्षणाची पदविका.

भेंडी आडवी कापून तिचा ठसा उमटवला की पाच पाकळ्यांचं फूल. अर्धा कांदा उमटवला की झेंडू. पाच बोटं रंगात बुडवून गोल टेकवली की रानफूल, आणि अंगठा तिरका टेकवला की पान. दोरा रंगात भिजवून दुमडलेल्या कागदात ठेवायचा, एक टोक बाहेर, वर पाटी दाबायची आणि दोरा ओढून घ्यायचा. कागद उघडला की आत लांब देठाचं काहीतरी असं सुंदर उमललेलं, की मुलं श्वास धरून बघायची. तीन वर्षांच्या पोरालाही जमेल असं सगळं. कुणाचं बिघडत नव्हतं, कुणी रडत नव्हतं, कुणी दुसऱ्याचं बघून काढत नव्हतं.

सगू नावाची एक बारकी मुलगी भेंडी जरा जास्तच दाबत होती, फुलाची रांगोळी होत होती. मी सवयीनं तिच्या शेजारी बसले आणि तिचा हात धरला.

“हात नका धरू बाई,” बायडाबाई म्हणाली. आवाज चढवला नाही, पण शेळीला हाकावं तसं म्हणाली. “हात धरला की फूल तुमचं हुतं.”

मी हात सोडला. मला राग आला होता. मला असं बोलणारी सेविका मी तोवर बघितली नव्हती.

पण मी मूर्ख नव्हते. जे बघत होते त्याची किंमत मला कळत होती. त्या दिवशी मुक्कामाची तयारी नव्हती तरी राहिले. तीन दिवस राहिले. बायडाबाईच्या चुलीपुढं बसून सगळं लिहून घेतलं, कुठल्या रंगात काय, किती, कुठल्या वयाला कुठला ठसा, आधी काय, मग काय. तिनं हातचं काही राखलं नाही. पोरांनी पडलेलंच फूल आणायचं, तोडायचं नाही, आधी ते हातात घेऊन हुंगायचं, उलटंसुलटं करून बघायचं आणि मगच रंगाला हात लावायचा, हा तिचा नियमसुद्धा मी लिहून घेतला. ऐंशी पानी वही भरली.

तिसऱ्या दिवशी निघताना ती मला ओढ्यापर्यंत सोडायला आली. तिथं ती थांबली.

“बाई, एक इचारू? धावी पास न्हाई त्या बायांना काढनार म्हनं संस्था.”

खबर खरी होती. मोठे देणगीदार येणार होते, त्यांची अट होती. दोन वर्षांची मुदत होती आणि मग सगळ्यांच्या नव्यानं मुलाखती.

“काढणार नाहीत,” मी म्हटलं. “मदतनीस करतील.”

“म्हंजे म्या खिचडी शिजवायची आनि माज्या गोठ्यात दुसरी कोन येऊन पोरं शिकवनार.”

मी वही पिशवीत खाली सरकवली.

“मला आता धावी हुनार न्हाई,” ती म्हणाली. “पर तुमी ह्ये सगळं लिवलंय. त्याचं पुस्तक करनार म्हनालात. त्यात माजं नाव घाला. छापलेलं नाव असलं म्हंजे मुलाखतीला पुढं ठेवीन. म्हनीन, माज्याकडं धावीचा कागद न्हाई, ह्यो कागद हाय.”

“घालीन,” मी म्हटलं. “पहिल्या पानावर घालीन.”

“शब्द?”

“शब्द.”

आणि तेव्हा मी तो मनापासून दिला होता. हे सांगून काही उपयोग नाही, तरी सांगते.

पुस्तक व्हायला नऊ महिने लागले. ‘वसंताची सोपी फुलं’ असं नाव ठेवलं. हस्तलिखित घेऊन मी संस्थेचे सचिव विसपुते सर यांच्याकडे गेले. पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘या पुस्तकातल्या सर्व कृती श्रीमती बायडाबाई झोरे यांच्या आहेत. मी फक्त लिहून घेतल्या.’ सरांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला.

“आठल्ये बाई, हे पुस्तक आपण देणगीदारांना देणार आहोत. शिक्षण खात्याला पाठवणार आहोत. त्यात चौथी पास बाईच्या कृती म्हणून सांगायचं? एकीकडे आपणच म्हणतो की दहावी पाहिजे.”

“पण सर, आहेत तिच्या.”

“असतील. तुम्ही नसतं लिहिलं तर गोठ्यातच राहिल्या असत्या ना? ‘अनेक बालवाडी ताईंच्या सहकार्यानं’ असं लिहा. त्यात ती आलीच.”

मी थोडा वाद घातला. थोडाच. सिमेंटच्या पोत्याचा कागद जाऊन तिथं ड्रॉइंग पेपर आला, नीळ आणि हळद जाऊन बाटलीतले रंग आले, सावरीच्या वाट्या जाऊन ‘छोट्या वाट्या’ राहिल्या. हे सगळं विसपुते सरांनी करायला लावलं असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आले. ते खरंही आहे. पण मनोगतात मी एक वाक्य लिहिलं होतं, ‘वसंतातल्या एका सकाळी एका लहान मुलीला रंगांशी खेळताना पाहिलं आणि मला या पुस्तकाची कल्पना सुचली.’ ते मला कुणी लिहायला लावलं नव्हतं. त्यातलं ‘मला सुचली’ तर मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं होतं. वाचायला छान वाटत होतं.

पुस्तक गाजलं. एका संमेलनात बक्षीस मिळालं, चार तालुक्यांच्या बालवाड्यांतून ते वापरायला लागले, मी ठिकठिकाणी प्रशिक्षणं द्यायला जाऊ लागले. लोक मला ‘फुलांच्या बाई’ म्हणायचे. बायडाबाईच्या वाडीची तपासणी मी दुसऱ्या पर्यवेक्षिकेकडे दिली. एक प्रत मात्र तिला पाठवली, जीपच्या ड्रायव्हरच्या हाती. सोबत चिठ्ठी लिहायला घेतली होती, पण काय लिहायचं ते सुचेना.

दोन वर्षांची मुदत संपली आणि मार्चात मुलाखती लागल्या.

संस्थेच्या कार्यालयातल्या मोठ्या खोलीत आम्ही तिघं बसलो होतो. मधोमध विसपुते सर, त्यांच्या उजव्या हाताला देणगीदारांच्या वतीनं पुण्याहून आलेल्या सबनीस बाई आणि डाव्या हाताला मी. प्रत्येक वाडीसाठी दोन-तीन उमेदवार. शिक्षणाला गुण, अनुभवाला गुण, आणि प्रात्यक्षिकाला गुण. प्रात्यक्षिक म्हणजे गावातली पाच मुलं आणून बसवली होती, त्यांच्याकडून काहीतरी करून घ्यायचं. विषय सगळ्यांना एकच, वसंतातली फुलं. पुस्तक टेबलावर ठेवलं होतं. माझंच.

धनगरवाड्यासाठी दोघी होत्या. पहिली नूतन डांगे, खालच्या गावची, बारावी पास, वीस वर्षांची पोर. तिनं पुस्तक पाठ केलं होतं. ड्रॉइंग पेपर, बाटलीतले रंग, भेंडी नीट पुसून कापलेली. मुलांचे हात धरून धरून तिनं पाचही जणांकडून एकसारखी पाच फुलं काढून घेतली. स्वच्छ काम. पोर गुणी होती, तिचा काही दोष नव्हता.

मग बायडाबाई आली. नऊवारी, पायात वहाणा नाहीत, त्या दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या. डोक्यावरची पाटी खाली उतरवली. पाटीत सावरीच्या वाट्या, पळसाच्या उकळलेल्या रंगाची बरणी, निळीची पुडी, तपकिरी कागद. माझ्याकडे बघून तिनं मान हलवली, आपण ओळखीच्या माणसाकडे बघून हलवतो तशी. मी पेन उघडलं.

तिनं मुलांना काही शिकवलं नाही. नुसतं विचारलं, “सकाळी येताना वाटंत फूल बघितलं का कुनी?” कुणीच बघितलं नव्हतं. मग तिनं पदरातून पळसाची पाच फुलं काढली आणि एकेक हातात दिलं. मुलं ती हुंगत बसली, उलटी करून बघत बसली, एकानं जीभ लावून बघितली. सबनीस बाईंनी घड्याळाकडे बघितलं. पण एकदा का भेंडीचा ठसा उमटला तशी मुलं जी सुटली! रंग कोपरापर्यंत गेले, फरशी रंगली, दोन मुलं हसता हसता एकमेकांच्या कागदावर ठसे उमटवायला लागली. अर्ध्या तासात त्या खोलीत फुलंच फुलं झाली आणि त्यांतली दोन सारखी नव्हती.

सबनीस बाई खुर्चीतून उठून जवळ गेल्या. चांगल्या बाई होत्या, खऱ्या आनंदानं बघत होत्या.

“वा, किती सुंदर. पण हे तर आठल्ये बाईंच्या पुस्तकातलंच आहे, नाही का? फक्त कागद वेगळा घेतलाय. हे सगळं तुम्ही कुठं शिकलात?”

बायडाबाई फडक्याला हात पुसत होती. पुसायची थांबली. आणि तिनं माझ्याकडे बघितलं.

तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागावलेल्या बायांना गप्प करायची कला मला चांगली येत होती. ती नुसती वाट बघत होती. मी बोलीन, आणि मग तिला बोलायला नको, एवढंच तिला हवं होतं. विसपुते सर माझ्या शेजारी बसले होते आणि त्यांनी त्यांचं पेन टेबलावर आडवं ठेवलं. मी समोरचे कागद सरळ केले. ते सरळच होते.

“बोला की बाई,” सबनीस बाई हसून तिला म्हणाल्या. “घाबरू नका. कुणी शिकवलं?”

“पुस्तकातनं शिकले,” बायडाबाई म्हणाली. “बाईंच्या. दुसरं कुठनं शिकनार?”

सबनीस बाईंना एवढा आनंद झाला की त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “बघा, तुमचं पुस्तक कुठल्या कुठं पोचलंय. चौथी शिकलेल्या बाईलासुद्धा वाचून हे जमलं.”

“हाच तर मुद्दा आहे,” विसपुते सर म्हणाले. “पुस्तक हाताशी असलं की कुणालाही जमतं. मग निदान लिहिता-वाचता नीट येणारी मुलगी का घेऊ नये?”

प्रात्यक्षिकाचे पंचवीसपैकी पंचवीस गुण मी तिला दिले. फार मोठं काहीतरी केल्यासारखं ते पंचवीस मी ठळक लिहिले. शिक्षणात तिला पाच मिळाले, नूतनला तीस, आणि अनुभवाला मुळात गुणच पाच होते. बेरीज व्हायची तीच झाली. नूतन सेविका, बायडाबाई मदतनीस, जागा अर्थातच तिचाच गोठा. संध्याकाळी पाचला यादी दाराला लावली आणि आत चहा आला.

मी बाहेर आले. का आले ते मला नीट सांगता येणार नाही. ती गेली असेल तर बरं, असं मनात म्हणतच आले. ती गेली नव्हती. व्हरांड्याच्या पायरीवर पाटी शेजारी ठेवून बसली होती.

“बायडाबाई,” मी म्हटलं, “तुम्ही असं का सांगितलंत?”

“कसं?”

“पुस्तकातून शिकले म्हणून.”

तिनं मान वर केली. “मग काय सांगायचं हुतं? माजं हाय म्हनून? त्यांनी म्हटलं असतं, पुरावा दाव. पुरावा तुमच्याजवळ हुता बाई. तुमी तिथंच बसला हुता.”

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. चुलीपुढच्या त्या तीन दिवसांनंतर पहिल्यांदाच तिच्या शेजारी बसत होते.

“पुस्तक वाचलंत तुम्ही?”

“वाचलं. अक्षर लावून लावून सगळं वाचलं, म्हैना लागला. माजं नाव गावंना. मला वाटलं माजंच वाचायचं कच्चं, कुठंतरी सुटलं असंल. म्हनून परत पयल्यापास्नं वाचलं. मग सुनंला दिलं. ती सातवी शिकल्याय. तिलाबी गावलं न्हाई.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या आलं नाही. तिनं माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि थोडी वैतागली.

“रडू नका बाई. रडून माजं काय हुतंय.”

“सरांनी काढायला लावलं,” मी म्हटलं. “मी लिहिलं होतं नाव. पहिल्या पानावर लिहिलं होतं. शपथेवर सांगते.”

“असंल.”

“मी बोलते सरांशी. उद्याच बोलते.”

“उद्या कशाला?” ती म्हणाली. “आत हायेत न्हवं अजून? त्या पुन्याच्या बाईबी हायेत. उद्या त्या असनार न्हाईत. आत्ताच बोला. एवढंच सांगा, ह्यी फुलं बायडाबाईची हायेत. मला पहिल्या पानावर न्हाई घातलं तरी चालंल. माज्या पोरांपुढनं नका उठवू मला.”

“आत चहा चाललाय,” मी म्हटलं.

“मग च्या हुं दे.”

“चहा झाला की बोलते.”

“बोला. मला घाई न्हाई. माजी गाडी साडेसहाला हाय. मी हितंच बसते.”

मी उठले. तिनं पाटी उचलून भिंतीकडे सरकवली, मला जायला वाट केली.

बोलायचं ते वाक्य एवढं लहान होतं की दाराशी पोचेपर्यंत माझं चार वेळा म्हणून झालं. ही फुलं बायडाबाईंची आहेत. पाच वर्षांचं मूल पाठ करील. आत गेले तर सबनीस बाई माझीच वाट बघत होत्या. त्यांच्या हातात पुस्तकाची कोरी प्रत होती.

“या, या. विसपुते सर आत्ताच सांगत होते, पुढच्या वर्षी सगळ्या जिल्ह्याचं प्रशिक्षण तुमच्याकडे देताहेत. आम्हाला तर तुम्हीच हव्या आहात. आणि हे बघा, माझ्या नातीसाठी एक प्रत घेतलीय. तिच्या नावानं सही करून द्या ना. ईशानी. दीर्घ ई.”

विसपुते सरांनी माझ्यापुढं चहाचा कप सरकवला. त्यांना सगळं कळलं होतं. मी बाहेर का गेले होते आणि आत कशाला आले, हे त्या माणसाला माझ्या चेहऱ्यावरून कळलं होतं, आणि ते शांतपणे बिस्कीट चहात बुडवत होते.

मी तोंड उघडलं.

“कुठल्या पानावर करू?” मी विचारलं.

“पहिल्याच,” सबनीस बाई म्हणाल्या.

मी ईशानीचं नाव लिहिलं. खाली माझं लिहिलं, तारीख घातली. चहा संपवला. चांगला होता चहा, आलं घातलेला. मग विसपुते सर म्हणाले, चला, गाडी मागच्या बाजूला लावलीय, तुम्हाला घरी सोडून पुढं जातो. स्वयंपाकघरातून मागं जायला दार होतं. मी त्या दारानं गेले. पुढच्या दारानं जाऊन तिला नुसतं ‘नाही जमलं’ एवढं सांगायची हिंमतसुद्धा मला झाली नाही.

त्यानंतर मी त्या वाडीवर कधी गेले नाही. पुस्तकाच्या सहा आवृत्त्या निघाल्या. दर आवृत्तीला विसपुते सर फोन करून विचारायचे, काही बदल करायचाय का. मी म्हणायचे, नाही, आहे तसंच जाऊ दे. शेवटच्या आवृत्तीच्या वेळी सर नव्हते, त्यांच्या जागी आलेली तरुण मुलगी होती. तिनंही विचारलं. तिला माझा शब्द खाली पडू द्यायचा नव्हता, एवढा तिला माझा आदर. तिलाही मी नाहीच म्हटलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या मुलाखतींच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्यालयात गेले, तर धुमाळ शिपाई व्हरांडा धूत होता. मला बघून पाण्याची बादली बाजूला घेतली.

“बाई, काल ती धनगरवाड्याची बाई तुमची कोण लागते का?”

“का?”

“नाही, मी कार्यालय बंद करायला आलो तेव्हा पायरीवरच बसलेली. साडेसहाची गाडी समोरून गेली, तरी उठेना. मी म्हटलं, मावशे, आता कुणाची वाट बघते? सगळे गेले, आत कोणी नाही. तर माझ्यावरच डाफरली. म्हणाली, असं कसं गेले, आमच्या बाई आत माझ्यासाठी बोलायला गेल्यात.”